वाचकांचे प्रश्न : औषधाच्या काउंटरवर मनाचे आजार ओळखताना

मनाचा आजार असलेला माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे महिन्यातून एकदा जातो, किंवा जातही नाही. औषधाच्या दुकानात मात्र तो येतोच. म्हणून औषधविक्रेत्यांना या आजारांचं प्रशिक्षण हवं, असं या सदरात आम्ही मागे म्हटलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतले आहेत. उत्तरं मानसोपचार आणि औषधशास्त्र या दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

आमच्या संघटनेला वीस फार्मासिस्टसाठी प्रशिक्षण घ्यायचं आहे. एका मानसोपचारतज्ज्ञांचं तीन तासांचं व्याख्यान ठेवावं, असं ठरतंय. तेवढं पुरेल का?
— संघटनेचे एक पदाधिकारी

पुरणार नाही. व्याख्यान ऐकून घरी गेलेल्या माणसाला मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाविषयी चार गोष्टी सांगता येतात. समोर कुणी रडायला लागलं तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मात्र त्याला अजूनही सुचत नाही, आणि काउंटरवर गाडी अडते ती नेमकी तिथेच.

पाया म्हणून ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’ हा अभ्यासक्रम घ्या. बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी तो २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू केला आणि पुढे तो अनेक देशांत गेला. त्याच्या पाच पायऱ्या आहेत. माणसाशी संवाद सुरू करा, जिवाला धोका आहे का ते पाहा आणि असेल तर आधी तेवढंच हाताळा. निवाडा न करता ऐका. धीर द्या आणि खरी माहिती द्या. तज्ज्ञाकडे जायला प्रवृत्त करा. घरचे, मित्र, समदुःखी गट अशा इतर आधारांशी जोडा. हा अभ्यासक्रम सामान्य नागरिकासाठी बेतलेला आहे, त्यामुळे औषधांचा भाग तुम्हाला वेगळा जोडावा लागेल.

दोन दिवसांचे १२ तास धरून वाटणी अशी करा : आजारांची ओळख २ तास, औषधं दीड तास, आत्महत्येचा धोका दीड तास, पुढे कुणाकडे पाठवायचं याचा नकाशा १ तास, दुकानातली व्यवस्था, नोंदी आणि गोपनीयता १ तास. उरलेले ५ तास फक्त सराव. आयोजकांना हे प्रमाण उलटं वाटतं आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री सरावालाच लागते. लावायचीच असेल तर ती आजारांच्या ओळखीला लावा, कारण ते घरी वाचता येतं.

सरावाचं गणित सांगतो. वीस जणांचे चार-चारचे पाच गट करा आणि प्रत्येक गटाला एक प्रशिक्षक द्या. सुरुवातीच्या एका तासात प्रशिक्षकांनी स्वतः दोन-तीन प्रसंग करून दाखवायचे. नंतर प्रत्येकाच्या वाट्याला तीन प्रसंग, प्रत्येकी २० मिनिटं : ७ मिनिटं संवाद आणि १३ मिनिटं त्यावर चर्चा. गटाचे चार तास झाले. चर्चेला संवादाच्या दुप्पट वेळ लागतो, तो द्या. प्रसंग करणाऱ्याने आधी स्वतः बोलायचं, मग रुग्ण झालेल्याने, मग बघणाऱ्यांनी आणि सर्वांत शेवटी प्रशिक्षकाने. प्रशिक्षक पहिल्यांदा बोलला की बाकीचे गप्प होतात.

रुग्णाची भूमिका शक्यतो अशा व्यक्तीने करावी, जिने स्वतः असा आजार अनुभवला आहे आणि जी सध्या स्थिर आहे. सहकाऱ्याने केलेली भूमिका पटकन नाटकी होते, हशा पिकतो आणि शिकणं तिथेच संपतं. शिवाय ‘असे रुग्ण’ म्हणजे कोण, ही मनातली अढी अशा व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलल्यानेच सैल होते. पथ्यं मात्र पाळा. त्यांना मानधन द्या, स्वतःच्या आयुष्यातला सर्वांत वाईट प्रसंग करायला लावू नका, हात वर केला की प्रसंग थांबेल हे आधीच ठरवा आणि शेवटी त्यांच्याशी निवांत बोलण्यासाठी एक माणूस ठेवा.

आणखी दोन चुका हमखास होतात. प्रशिक्षण मालक घेतो आणि संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर उभा असतो तो मदतनीस. त्याला निदान दोन तासांचा भाग द्या : काय दिसलं की फार्मासिस्टला हाक मारायची, आणि कशी. दुसरी चूक म्हणजे पुढे पाठवायचं कुणाकडे याची यादी नसणं. यादीत मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, तातडीची सेवा असलेलं रुग्णालय आणि रात्री चालू असलेली हेल्पलाइन असावी. प्रत्येक नंबर प्रशिक्षणापूर्वी स्वतः फिरवून पाहा. बंद पडलेला नंबर खचलेल्या माणसाच्या हातात देणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा नकार ऐकवणं.

मी डॉक्टर नाही. मग आजार ओळखायचा कसा? आणि ओळखणं माझं काम आहे का?
— एक तरुण फार्मासिस्ट

निदान तुमचं काम नाही. ‘तुम्हाला नैराश्य आहे’ हे वाक्य तुमच्या तोंडी कधीच येऊ नये. बदल टिपणं मात्र तुमचंच काम आहे, कारण तोच माणूस तुम्हाला महिनोन्‌महिने दिसत असतो.

एखाद्या दिवसाचा उतरलेला चेहरा फसवतो. भरवशाची असते ती तुमच्या संगणकातली तारीख. रोज एक याप्रमाणे ३० गोळ्या नेलेला माणूस ४५ दिवसांनी उगवला, तर त्याने जास्तीत जास्त ६७ टक्के दिवस औषध घेतलं. ८० टक्क्यांच्या खाली हिशेब गेला की विचारायचं, असा साधा नियम ठेवा. उलट, महिन्याच्या झोपेच्या गोळ्या तीन आठवड्यांतच संपत असतील तर तीही खूण आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या नियमित नेणारा माणूस अचानक त्यांत खाडे करू लागला, तर त्यामागे नैराश्य असू शकतं. शरीराच्या आजारातली हयगय ही कधीकधी मनाच्या आजाराची पहिली पावती असते.

चिठ्ठीविना घेतल्या जाणाऱ्या वस्तूंकडेही पाहा. झोप येते म्हणून अॅलर्जीच्या गोळ्या पुन्हापुन्हा नेणं, डोकेदुखी, आम्लपित्त, अंगदुखी यांची आलटून पालटून खरेदी, खोकल्याच्या औषधाची बाटली दर तीन दिवसांनी. यातलं एकेक काहीच सिद्ध करत नाही. दोन-तीन एकत्र आले आणि सोबत कपड्यांची हेळसांड, वजनात झालेला बदल, बोलण्याचा मंदावलेला किंवा बेफाम वाढलेला वेग दिसला, की एक प्रश्न विचारायला पुरेसं कारण झालं. बेफाम वेग विसरू नका. चार दिवस जेमतेम झोपूनही ताजातवाना, भरमसाट खर्च करणारा आणि गोळ्यांची आता गरज नाही म्हणणारा बायपोलरचा (उदासी आणि उन्माद आलटून पालटून येणाऱ्या आजाराचा) रुग्ण आनंदात आहे असं वाटतं. तो उन्मादाच्या वाटेवर असू शकतो.

आता फार्मासिस्टच्या खास अखत्यारीतली गोष्ट : मन बिघडलंय ते औषधामुळे तर नाही? हे विचारणारा दुसरा कुणी अनेकदा नसतोच. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा दिवसाचा डोस ४० मिग्रॅच्या वर गेला की मनोविकाराची लक्षणं दिसण्याचा धोका ठळकपणे वाढतो. निद्रानाश, चिडचिड, उन्माद, क्वचित भ्रमसुद्धा. दम्याच्या मॉन्टेलुकास्टवर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये मानसिक दुष्परिणामांबाबतचा सर्वांत ठळक इशारा छापायला लावला. फिट्सवरच्या लेव्हेटिरासिटामने माणूस तापट होऊ शकतो. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने एका जागी बसवत नाही अशी तगमग सुरू होते आणि तिला ‘घाबरटपणा’ समजून चिंतेची गोळी दिली जाते. नवीन औषध सुरू झाल्याची तारीख आणि बदल सुरू झाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहून डॉक्टरांना कळवा. हे चार ओळींचं पत्र बरीच पायपीट वाचवतं.

विचारायचं ते कोणत्या शब्दांत? माणूस चिडला तर गिऱ्हाईक तुटेल.
— एक औषधविक्रेते

जे दिसलं तेवढंच बोला आणि अर्थ लावण्याचं काम त्याच्यावर सोपवा. ‘काकू, गेल्या दोन-तीन वेळा तुम्ही थकलेल्या दिसताय, आणि बीपीच्या गोळ्याही या खेपेला उशिरा नेल्यात. सगळं ठीक चाललंय ना, की काही त्रास आहे?’ यात आरोप नाही आणि आजाराचं नावही नाही. मग थांबा. मोजून पाच-सहा सेकंद शांत राहायचं. सरावात सर्वांत जड जातं ते हेच. समोरचा उत्तर जुळवत असतो आणि फार्मासिस्ट घाईने ‘ताण घेऊ नका, व्यायाम करा’ म्हणून मोकळा होतो. सल्ला पहिल्या मिनिटात दिला गेला की दुसऱ्या मिनिटाचं खरं बोलणं येत नाही.

काकू ‘काही नाही’ म्हणाल्या तर विषय सोडा. ‘बरं. कधी बोलावंसं वाटलं तर मी दुपारी तीननंतर मोकळा असतो’ एवढं सांगून ठेवा. पुष्कळ माणसं बोलतात ती पुढच्या खेपेला. चिडून निघून जाणारे फार थोडे.

जागेचंही पाहा. चार गिऱ्हाइकांदेखत हा प्रश्न विचारूच नये. वेगळी खोली नसेल तर काउंटरच्या टोकाला दोन खुर्च्या काटकोनात ठेवा आणि मध्ये फडताळाची आड करा. बाहेर जायच्या वाटेत तुमची खुर्ची नको.

प्रश्नावलीचे गुण काढून सांगितले तर चालेल का?
— एक फार्मासिस्ट

नैराश्याची चाचपणी करणारी दोन प्रश्नांची पीएचक्यू-२ ही प्रश्नावली चालेल. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला होता का, आणि उदास किंवा हताश वाटत होतं का? प्रत्येकाला अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३ असे गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली की डॉक्टरांकडे पाठवायचं.

नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ बाबत मात्र एक अट आहे. तिची कमाल बेरीज २७, आणि १० पासून पुढे सखोल तपासणी हवी असं मानतात. पण तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो कागदावर देऊन कागद गठ्ठ्यात ठेवून दिला, असं होता कामा नये. त्या प्रश्नाला शून्याव्यतिरिक्त उत्तर आलं तर त्याच क्षणी बोलायची तयारी असेल तरच ही प्रश्नावली काढा. बेरीज आठच आली म्हणून नवव्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणं ही गंभीर चूक आहे.

आत्महत्येविषयी थेट विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घातल्यासारखं होणार नाही का?
— दोन वेगवेगळ्या वाचकांचा प्रश्न

नाही. या भीतीचा अभ्यास झालेला आहे आणि विचारल्याने धोका वाढतो, असं आढळलेलं नाही. उलट पुष्कळांना कुणीतरी विचारलं याचं बरं वाटतं. नुकसान होतं ते आडून विचारल्याने. ‘तुम्ही काही वेडंवाकडं करणार नाही ना?’ या प्रश्नाचं एकच उत्तर असतं : ‘नाही, नाही.’ विचारणाऱ्याला तेच ऐकायचं आहे, हे समोरच्याला लगेच कळतं.

आवाज नेहमीचाच ठेवून म्हणा : ‘इतका त्रास होत असताना काहींच्या मनात जीव संपवण्याचे विचार येतात. तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?’ हे वाक्य प्रशिक्षणात प्रत्येकाने मोठ्याने किमान दहा वेळा म्हणायचं. पहिल्या तीन वेळा जीभ अडखळते, नजर खाली जाते. दहाव्या वेळी ते ‘पोटात जळजळ होते का’ इतकं सहज निघायला लागतं, आणि तसंच ते निघायला हवं.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न याच क्रमाने. कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठी लागणारं साधन जवळ आहे का? केव्हा? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? आज दारू किंवा दुसरी नशा केली आहे का? घरी आत्ता कोण आहे?

बेत, साधन आणि वेळ ठरलेली असेल तर ही तातडीची वेळ आहे. त्या माणसाला एकटं सोडू नका. सहकाऱ्याला तातडीच्या सेवेला फोन करायला सांगा, स्वतः त्याच्याजवळ बसा. घरचं कोण विश्वासाचं आहे ते त्यालाच विचारा आणि त्याच्यासमोरच फोन लावा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. ‘तुमचा जीव धोक्यात असेल तर मी मदत बोलावणार, ती कशी ते तुम्हाला विचारून’ हे सांगता येतं. ‘मुलांचा विचार करा’ म्हणून त्याला अपराधी वाटायला लावू नका.

विचार आहेत पण बेत नाही, असं असेल तर दुकान सोडण्यापूर्वी तज्ज्ञाची वेळ ठरलेली असावी. ‘दाखवून घ्या’ असं सांगणं निराळं, आणि फोन लावून ‘उद्या सकाळी अकरा वाजता’ हे चिठ्ठीवर लिहून देणं निराळं. खचलेल्या माणसाला फोन लावणंसुद्धा डोंगराएवढं वाटतं, म्हणून तेवढं तुम्ही करा. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘जाऊन आलात का?’ एवढा एक फोन.

औषधाचा साठा ही तर तुमच्याच हातातली गोष्ट. अमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची जुनी ट्रायसायक्लिक औषधं एकदम घेतली तर हृदयाचे ठोके बिघडवतात. पूर्ण डोसवर असलेल्या रुग्णाचा दोन आठवड्यांचा साठा जीव घेऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून एकेका आठवड्याचंच औषध द्या, शक्यतो घरच्या माणसाच्या हाती. घरात पडलेल्या जुन्या पट्ट्या परत आणायला सांगा. साठा कमी ठेवल्याने काय होतं, याचं नोंदलेलं उदाहरण ब्रिटनचं आहे. सप्टेंबर १९९८ पासून तिथे पॅरासिटामॉलचं पाकीट औषधाच्या दुकानात ३२ आणि इतर दुकानांत १६ गोळ्यांपुरतं मर्यादित झालं. पुढच्या ११ वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये या गोळ्यांच्या विषबाधेचे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ४३ टक्के कमी झाले. टोकाची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ हाताशी पुरेसा साठा नसला की माणूस वाचतो.

एक जण काउंटरवर येऊन ‘तुम्ही गोळ्यांत विष घालता’ म्हणून ओरडत होता. मी वाद घातला, प्रकरण वाढलं. काय करायला हवं होतं?
— दुकानातील मदतनीस

वाद घालून भ्रम जात नाही, घट्ट होतो. होकारही द्यायचा नाही. दोन्हींच्या मधलं वाक्य म्हणजे ‘तुम्हाला भीती वाटतेय, हे दिसतंय. मला यात विष दिसत नाही, पण तुम्हाला कशाने बरं वाटेल ते सांगा.’ बोलणारा एकच जण असू द्या. वाक्यं छोटी, हात दिसतील असे, अंतर दोन हात, टीव्ही किंवा रेडिओ बंद. बाकीची गिऱ्हाइकं हळूच बाजूला. सीलबंद पट्टी त्याच्या हातात देऊन त्यालाच तपासू देणं काही वेळा चालून जातं.

दोन गोष्टी मनाशी तपासा. म्हातारा माणूस कालपर्यंत नीट होता आणि आज एकाएकी बरळतोय, तर ते बहुधा शरीराचं दुखणं असतं : ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, साखर किंवा सोडियम कमी होणं, नवीन औषध. त्याला आधी रुग्णालयात न्यायचं. आणि रोज पिणाऱ्याने दोन-चार दिवसांपूर्वी दारू अचानक सोडली असेल, हात थरथरतायत, घाम फुटलाय, नसलेल्या गोष्टी दिसतायत, तर तीही जिवावरची वेळ असते.

या औषधांबद्दल दोन मिनिटांत काय सांगायचं? रांग उभी असते.
— एक फार्मासिस्ट

सगळं सांगायला गेलात तर काहीच लक्षात राहत नाही. औषधागणिक एक-दोन गोष्टी पक्क्या करा.

नैराश्य आणि चिंतेवरची एसएसआरआय गटाची गोळी नव्याने सुरू होत असेल तर क्रम सांगा, कारण माणसं गोळी सोडतात ती क्रम न कळल्यामुळे. त्रास आधी येतो, गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, झोपमोड, थोडी अस्वस्थता पहिल्याच आठवड्यात आणि बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत ओसरते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. दहाव्या दिवशी ‘त्रास होतो आणि फायदा शून्य’ असं त्याला वाटणार हे ठरलेलं आहे, म्हणून तुमचा फोन त्याच सुमारास जायला हवा. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू राहते. पंचविशीच्या आतल्या रुग्णात पहिले काही आठवडे तगमग किंवा आत्महत्येचे विचार वाढतात का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. अमेरिकेत हा इशारा २००४ साली लहान मुलांसाठी आला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंत वाढवला गेला.

‘सवय लागेल का?’ या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणू नका. दारूसारखी ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही, पण एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं हे होतं. पॅरोक्सेटिन आणि दुसऱ्या गटातल्या व्हेनलाफॅक्सिनने जास्त, फ्लुओक्सेटिनने कमी, कारण ते शरीरातून फार सावकाश जातं. तेव्हा बंद करायचं ते डॉक्टरांनी आखलेल्या टप्प्यांनीच. या गोळीसोबत ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं औषध मागितलं तर थांबा. सेरोटोनिन फार वाढून थरथर, घाम, जुलाब, ताप, स्नायूंचे झटके येऊ शकतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकाने पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बायपोलरवरचं लिथियम म्हटलं की वेदनाशामक आणि पाणी आठवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, रक्तदाबावरची एसीई इनहिबिटर गटाची आणि थायाझाइड औषधं रक्तातलं लिथियम वाढवतात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, किंवा मीठ एकदम बंद केलं, तरी तेच होतं. कायम उपचारात पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. हे अंतर फारच अरुंद आहे. हात जोरात थरथरणं, झोकांड्या, अडखळतं बोलणं, जुलाब दिसले की पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. सकाळची गोळी घेऊन तपासणीला गेलेल्याचा आकडा उगाच जास्त येतो आणि डोस चुकीचा कमी केला जातो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल द्या.

स्किझोफ्रेनियासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोझापिनवरच्या रुग्णाला ताप किंवा घसादुखी असेल तर गोळ्या देऊन घरी पाठवू नका. पांढऱ्या पेशी घसरल्याची ती खूण असू शकते, आणि पहिल्या १८ आठवड्यांत ही शक्यता सर्वाधिक. ४८ तासांहून जास्त खाडा पडला असेल तर पूर्वीचा डोस तसाच सुरू करायचा नाही. १२.५ मिग्रॅपासून पुन्हा चढवत न्यायचा, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बद्धकोष्ठ किरकोळ समजू नका, आतडं बंद पडून माणसं दगावली आहेत. एक गोष्ट तर फार कमी जणांना ठाऊक असते. सिगारेट सोडली की रक्तातलं क्लोझापिन काही दिवसांतच बरंच वाढतं, कारण धुरातली रसायनं ते लवकर जिरवायला यकृताला भाग पाडत असतात. यात निकोटिनचा हात नाही, त्यामुळे निकोटिनच्या च्युइंगमने ही वाढ टळत नाही. तो गम विकताना ‘क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू आहे का?’ हा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

झोपेच्या आणि चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गटाच्या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच असतात. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला ‘आजपासून बंद’ म्हणून परत पाठवलं तर फिट येऊ शकते. मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रीला फिट्स आणि बायपोलरवरचं व्हॅल्प्रोएट देताना गर्भनिरोधनाची चौकशी करायलाच हवी. त्या औषधावर असताना झालेल्या दर दहा बाळांपैकी सुमारे एकात जन्मजात व्यंग दिसतं. दिवस गेल्याचं कळल्यावरही गोळी स्वतःहून बंद न करता ताबडतोब डॉक्टरांकडे जायचं.

नवऱ्याच्या गोळ्यांची पट्टी दाखवून बायको विचारते, ‘हे कशाचं औषध?’ सांगायचं का?
— एक औषधविक्रेती

नवऱ्याच्या संमतीशिवाय आजार सांगायचा नाही. तीच गोळी नैराश्यावर, नसांच्या दुखण्यावर, अर्धशिशीवरही दिली जाते, तेव्हा अंदाज चुकूही शकतो. ‘ताई, त्यांना घेऊन या, तिघं मिळून बोलू’ म्हणा. मात्र बायकोचं ऐकून घ्यायला कुणाचीच आडकाठी नाही. रात्रभर जागतात, मरणाच्या गोष्टी करतात, असं त्या सांगत असतील तर ती माहिती मोलाची आहे. जिवाला धोका दिसला की गोपनीयता मागे पडते, आणि तेव्हाही गरजेपुरतंच सांगायचं.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे कसं कळणार?
— पहिल्या प्रश्नाचेच पदाधिकारी

शेवटच्या दिवशी भरून घेतलेले अभिप्राय बाजूला ठेवा, ते नेहमीच छान असतात. तीन महिन्यांनी प्रत्येकाला विचारा : किती जणांशी बोललात, आत्महत्येचा प्रश्न किती वेळा विचारलात, किती जणांना पाठवलंत आणि त्यांतले किती पोहोचले? शेवटचा आकडा तज्ज्ञांकडून घ्या. ‘पाठवले बारा, पोहोचले दोन’ असं निघालं तर दोष बोलण्यात नाही, पुढच्या व्यवस्थेत आहे. तज्ज्ञांची वेळ दोन महिन्यांनंतरची मिळत असेल किंवा यादीतला पत्ता बदलला असेल. सर्वांच्या संमतीने, तारीख न सांगता, सराव केलेला ‘रुग्ण’ दुकानात पाठवता येतो. संभाषण संपल्यावर त्याने ओळख द्यायची आणि तिथेच दहा मिनिटं बोलायचं.

सराव सुटला की आधी मोडते ती थेट विचारण्याची सवय. म्हणून तीन आणि सहा महिन्यांनी दीड-दीड तासाची उजळणी ठेवा, व्याख्यानाशिवाय, फक्त प्रसंग. त्याच बैठकीत ज्यांच्या गिऱ्हाइकाने जीव दिला असेल त्यांना बोलायला वेगळी वेळ द्या आणि समुपदेशकाला बोलावून ठेवा. ‘गेल्याच आठवड्यात मी त्याला गोळ्या दिल्या होत्या’ हे कुणापाशी बोलता आलं नाही, तर तो फार्मासिस्ट पुढच्या माणसाला आत्महत्येचा प्रश्न विचारायचं टाळतो.